सुटं लोह

मी बाटल्या धुते. मोरिओकाच्या विद्यापीठात, प्राध्यापक नुकाझावा, आमचे सेन्सेई, यांच्या प्रयोगशाळेत, गेली एकतीस वर्षं. आधी साबण, मग एक रात्र आम्लात, मग शुद्ध पाण्याचे तीन हात. त्यात काय एवढं, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी एकच सांगते, या आणि एक बाटली धुऊन दाखवा. आमच्याकडे पेशींमधल्या लोहावर काम चालतं. बाटलीच्या बुडाशी मिठाच्या कणाएवढं लोह राहिलं तरी एखाद्या पोराचे दोन महिने पाण्यात जातात. माझ्या बाटलीमुळे आजवर कुणाचा एक दिवसही वाया गेलेला नाही. मी उगाच नाकानं कांदे सोलत नाही, माझ्या वहीत तारखांसकट लिहिलेलं आहे.

म्हणून त्या डिसेंबरात आमच्याकडचा एक विद्यार्थी, त्सुकुदा, जे बोलला ते जिव्हारी लागलं.

पण आधी कुमागाईचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठीच घडलं. ओरिए कुमागाई, वय सत्तावीस, डॉक्टरेटच्या पदवीचं शेवटचं वर्ष. घर समुद्राकाठी, बापाची खाऱ्या पाण्यातल्या शेवाळाची शेती. बोलायला कमी आणि हट्टाला पक्की. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती. बापाची पाठ गेलेली, भाऊ एकटाच नाव चालवायचा. पदवी मिळाली तर सेंदाईला नोकरी तयार होती. नाही मिळाली तर एप्रिलपासून नावेत बसून शेवाळ कापायचं, हे घरात ठरून गेलं होतं. तिनं तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही. पण पदवीचा विषय निघाला की तिचा जबडा घट्ट व्हायचा.

तिचा विषय मला तिनंच समजावून दिला होता. बाटल्या धुणारीला असलं सांगायला एरवी कोण बसतं?

"शिशिदो-सान, शेगडीतला निखारा तुम्ही हातानं उचलता का?"

"मी काय वेडी आहे?"

"मग पेशी तरी कशी उचलेल? लोह तिला हवंच असतं. पण सुटं लोह म्हणजे निखारा. जिथं पडेल तिथं जाळणार."

रक्तातून लोह येतं तेच मुळी एका प्रथिनानं धरलेलं, ती सांगत होती. पेशीच्या दारापाशी ते प्रथिन लोहासकट आत ओढलं जातं, एका बुडबुड्यातून. बुडबुड्याच्या आत आंबट होतं, तेव्हा लोह सुटतं आणि बुडबुड्याच्या भिंतीतल्या दारातून बाहेर पडतं. आता हे सुटलेलं लोह कुणीतरी ताबडतोब धरायला हवं. ते धरणारा एक वाहक असतो. तो त्याला हातोहात नेतो आणि कोठीत टाकतो. कोठी म्हणजे दुसरं प्रथिन, पोकळ, चेंडूसारखं, हजारो कण मावतील असं. लागेल तेव्हा तिथून काढायचं. सगळा व्यवहार या हातातून त्या हातात, जमिनीवर काही ठेवायचं नाही.

"आणि वाहक नसला तर?"

"तेच तर मी बघतेय," ती म्हणाली.

ती करायची असं. पेशींमधून तो वाहक काढून टाकायचा. मग त्या दोन बश्यांमध्ये घालायच्या. एका बशीत मोजून लोह द्यायचं, दुसऱ्या बशीत अजिबात नाही. पहिल्या बशीतल्या पेशी मेल्या आणि दुसरीतल्या जगल्या, तर मारणारं सुटं लोहच आहे हे सिद्ध. चौथ्या दिवशी निकाल कळायचा. जूनमध्ये तसंच झालं होतं. सेन्सेईंनी त्या दिवशी सगळ्यांना थंड नूडल्स खाऊ घातल्या.

नोव्हेंबरपासून मात्र दुसरी बशीही मरायला लागली. लोह नाही, तरी पेशी मेलेल्या. आता हे असं असेल तर मारणारं लोह नाहीच. वाहक गेला की पेशी अशाही मरतात, त्याच्याशी लोहाचा संबंध नाही, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे कुमागाईचं तीन वर्षांचं म्हणणं मुळातच खोटं.

डिसेंबरच्या मध्यावर सेन्सेईंनी सगळ्यांना बसवलं.

"कुमागाई, जूनचा निकाल योगायोग होता असं धरूया. वाहक काढला की पेशी मरते, एवढंच लिही."

"एवढ्यावर पदवी मिळेल, सेन्सेई?"

सेन्सेई मवाळ माणूस. त्यांनी चष्मा पुसला. "यंदा नाही."

यंदा नाही म्हणजे कधीच नाही, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"लोह आहे त्या बशीत," कुमागाई म्हणाली. "कुठून तरी येतंय."

"कुठून?"

तेव्हा त्सुकुदा बोलला. हा तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा, हुशार आहे, पण जिभेला हाड नाही. "नोव्हेंबरपासून चार वेळा पेशी घातल्या. तीनदा मेल्या. एकदाच जगल्या, आणि त्या घातल्या त्या दिवशी शिशिदो-सान दात काढायला रजेवर होत्या." मग हसून, "योगायोग हो, काकू! दर आठवड्याला एकेक दात काढलात तर कुमागाई-सानला पदवी मिळेल."

सगळे हसले. कुमागाई हसली नाही. मी उठले आणि धुण्याच्या खोलीत जाऊन नळ सोडला, म्हणजे बाहेरचं ऐकू येऊ नये.

रडायला मी तिथं गेले नव्हते. मला राग आला होता. एकतीस वर्षं ज्या हातांनी बाटल्या धुतल्या त्या हातांवर आळ! मी ठरवलं, लोह कुठून येतंय ते मी शोधणार. सेन्सेईंनी वीस जानेवारीपर्यंत मुदत दिली होती. त्या तारखेला प्रबंध द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेल्या बारा बाटल्या फडक्यात गुंडाळून धातुशास्त्र विभागात नेल्या. तिथं लोह मोजायचं यंत्र आहे. तिथला माणूस म्हणाला, "आठवड्याची रांग आहे, बाई." मी म्हटलं, "मी इथंच बसते." दुपारपर्यंत बसले, तेव्हा त्यानं वैतागून बाटल्या घेतल्या. बाराच्या बारा स्वच्छ. त्याचा कागद मी आणून त्सुकुदाच्या टेबलावर आपटला.

"मग चहाची किटली असेल," तो म्हणाला. आमच्या चहाच्या खोलीत ओतीव लोखंडाची किटली आहे, सेन्सेईंच्या आजोळची. "तिचं पाणी पिऊन पिऊन आपण सगळेच लोखंडी झालोत."

मी किटलीही कपाटात कोंडली. चार दिवस सगळ्यांनी थर्मासचा बेचव चहा प्यायला. कुमागाईनं पुन्हा पेशी घातल्या. चौथ्या दिवशी दुसरी बशी मेली. ती सूक्ष्मदर्शकापाशी किती तरी वेळ वाकून बसली होती. मी मागे उभी होते. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. दिलासा द्यायला माझ्याजवळ होतं काय?

मग मी दाताच्या दिवसाचाच विचार करायला लागले. त्सुकुदा वात्रट, पण मुद्दा त्याचा खरा होता. मी नव्हते, तेव्हा पेशी जगल्या. म्हणजे मी रोज असं काही तरी करते जे त्या दिवशी झालं नाही. बाटल्या तर नव्हेत. त्या आदल्या दिवशीच धुतलेल्या असतात. मी वही घेतली आणि सकाळी आल्यापासून मी काय काय करते ते एकाखाली एक लिहायला लागले. कोट काढते. पांढरा झगा घालते. शुद्ध पाण्याचं यंत्र चालू करते. हातमोजे...

इथं माझा हात थांबला.

कुमागाईची बोटं थंडीत सुजतात. लाल होतात, खाजतात, कधी फुटतातही. आमचे रबरी हातमोजे असतात व्हरांड्यात, तिथं शेगडी नाही, हिवाळ्यात त्यात हात घालणं म्हणजे बर्फात घालणं. नोव्हेंबरात एकदा हातमोजा चढवताना तिनं ओठ चावलेला मी पाहिला. तेव्हापासून मी रोज सकाळी एक जोडी काढून माझ्या झग्याच्या खिशात ठेवत होते. खिशात काइरो असायचा. ती कापडी पुडी, फोडून चोळली की दिवसभर गरम राहते ती. इकडे हिवाळ्यात तिच्याशिवाय कोण राहतं? मोजे त्या पुडीभोवती गुंडाळून ठेवायचे आणि कुमागाई आली की ऊन ऊन तिच्या हातात द्यायचे. ती म्हणायची, "शिशिदो-सान, तुम्ही माझ्या आईपेक्षा बऱ्या." मी म्हणायचे, "आईला सांगू नकोस." घातल्यावर ती त्यांच्यावर अल्कोहोल फवारायचीच. म्हणजे जंतूंची काळजी नव्हती.

अल्कोहोलनं जंतू मरतात. लोह मरत नाही.

मी खिशातली पुडी काढून उलटी केली. मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं. पहिलाच शब्द, लोहचूर्ण. चाळीस वर्षं मी या पुड्या वापरतेय, आणि हे एकदाही वाचलं नव्हतं. आमच्या लेखी ते लोह नसतंच, ती ऊब असते. द्रावण ढवळायचा छोटा चुंबक घेऊन मी तो झग्याच्या खिशात कोपऱ्यापर्यंत फिरवला. बाहेर काढला तर त्याला काळी दाढी फुटलेली. सकाळी गरम करण्यासाठी मी पुडी जोरानं चोळायचे, शिवणीतून भुकटी झिरपायची. ती मोज्यांना लागायची, अल्कोहोलबरोबर बोटांवरून ओघळायची आणि कुमागाई बशीचं झाकण उघडायची तेव्हा आत.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी धातुशास्त्रवाल्यांना छळलं, किटली कोंडली, आणि निखारा माझ्याच खिशात होता.

एक विचार मनात आला, खोटं कशाला सांगू. गुपचूप मोजे ऊन करायचं बंद करावं. पुढच्या वेळी पेशी जगतील. पोरीचं काम होईल आणि माझी एकतीस वर्षंही शाबूत राहतील. मार्चमध्ये मी निवृत्त होणार होते. सेन्सेई भाषण करणार, फुलं देणार. हा विचार मी चुंबक हातात धरून पुरा केला. मग उठले आणि कुमागाईकडे गेले. मेलेल्या बश्या का मेल्या हे कळलं नाही, तर जगलेल्या बश्यांवर कोण विश्वास ठेवणार होतं?

"लोह सापडलं," मी म्हटलं. "मीच घालत होते."

मी सगळं सांगितलं, चुंबक दाखवला. तिनं तो बोटात धरून फिरवला. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग रंग चढत गेला.

"दोन महिने," ती म्हणाली. "माझे दोन महिने, शिशिदो-सान. मी स्वतःला मूर्ख समजत होते. काल घरी फोन करून भावाला सांगितलं की नावेत माझी जागा धर."

"बोल. काय बोलायचं ते बोल."

"तुम्ही मोजे ऊन का केलेत?" ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "मी सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं. ती मफलर उचलून निघून गेली, आणि मी तिथंच बसून राहिले. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याही आधी आलेली. व्हरांड्यात उभी राहून थंडगार मोजे चढवत होती. बोटं टोमॅटोसारखी लाल.

"आज तेवीस तारीख," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वीस जानेवारीपर्यंत निदान तीन वेळा करायला हवं. बाटल्या लागतील."

"किती?"

"असतील तेवढ्या."

"त्या तर धुतलेल्याच आहेत," मी म्हटलं. माझा झगा मी त्याच दिवशी जाळला असता, पण पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवला.

वाहक काढलेल्या नव्या पेशी तयार होईतो नवं वर्ष आलं. विद्यापीठ तीन दिवस बंद, सेन्सेई सासुरवाडीला, त्सुकुदा घरी. आम्ही दोघी पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन आत. एक जानेवारीला मी घरून डब्यात तांदळाच्या वड्यांचं गरम सार आणलं होतं, ते आम्ही चहाच्या खोलीत उभ्यानंच प्यायलो. रजेवरची माणसं देवळात जातात, आम्ही बश्या मोजत होतो. मध्येच ती म्हणाली, "बश्यांची एक जोडी उलटीही करायला हवी."

"म्हणजे?"

"एका जोडीला मी थंड मोजे घालून पेशी घालीन, दुसरीला तुमच्या पद्धतीनं ऊन केलेले. बाकी सगळं सारखं. तेव्हाच पक्कं कळेल."

म्हणून मी पिशवीतला झगा काढला, पुडी चोळली, मोजे गुंडाळले. जाणूनबुजून पेशी मारायला मोजे ऊन करायची वेळ माझ्यावर आली होती.

पाच जानेवारीला निकाल आला. लोह न दिलेल्या दोन बश्यांपैकी थंड मोज्यांच्या बशीत पेशी जिवंत, तळाला चिकटून पसरलेल्या. ऊन मोज्यांच्या बशीत सगळ्या मेलेल्या, गोल होऊन तरंगणाऱ्या. कुमागाईनं मला दोन्ही दाखवल्या, आधी मेलेली, मग जिवंत. मी वहीत वेळ आणि तारीख लिहून सही केली. पुढच्या दोन्ही खेपांना तेच झालं. शेवटच्या खेपेला तिनं पेशींमध्ये वाहक परत घातला आणि त्यांना लोह दिलं, तरी त्या जगल्या. वाहकानं लोह धरलं, कोठीत टाकलं. तिचं म्हणणं खरं होतं. तीन वर्षं खरंच होतं.

"आता सेन्सेईंना मी सांगते," मी म्हटलं.

"नको. मी सांगेन." ती कागद आवरत होती. "बाहेरून लोह येत होतं, सापडलं, थांबवलं, एवढंच सांगेन. मार्चमध्ये तुमचा निरोप आहे. माझ्यावर सोडा."

मी तिचं ऐकलं. म्हटलं, तिचं काम, तिला कळतं. खरं कारण भित्रेपणा, दुसरं काही नाही.

फेब्रुवारीत तिची तोंडी परीक्षा होती. ती सगळ्यांना खुली असते. मी त्या सभागृहात कधी बसले नव्हते, यावेळी मागच्या रांगेत जाऊन बसले. कुमागाई छान बोलली. नावाड्याच्या घरची मुलगी, काळ्या कोटात, ताठ उभी. मला अभिमान वाटत होता.

मग सेंदाईहून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधाची पानं उलटली. हायासाका त्यांचं नाव. सुरकुतलेला, सावकाश बोलणारा माणूस.

"नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लोह न देताही पेशी मेल्या. ते निकाल तुम्ही 'बाहेरून आलेलं लोह' म्हणून बाजूला ठेवलेत. कुठून आलं हे लोह?"

"प्रयोगशाळेच्या परिसरातून."

"परिसर म्हणजे काय? छत? नळ?"

कुमागाईनं समोरचे कागद सरळ केले. मला लख्ख कळलं काय चाललंय. काइरो म्हटलं असतं तर तो कुणाचा, हे त्सुकुदानं दाताच्या गोष्टीसकट सांगितलं असतं. म्हणून तिनं ती जोडी प्रबंधात घातलीच नव्हती. सगळ्यात भक्कम पुरावा, आणि तो वहीत तसाच पडून.

"गैरसोयीचे निकाल असे बाजूला ठेवता येत नाहीत," हायासाका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "उगम माहीत नसेल तर त्या बश्या हिशेबात धराव्या लागतील. मग तुमचा दावा टिकत नाही. पुन्हा विचारतो. कुठून आलं?"

तिचा जबडा घट्ट झालेला मला मागच्या रांगेतून दिसला. ती पदवी सोडायला तयार होती, पण बोलायला तयार नव्हती.

मी उठले.

"माझ्या खिशातून," मी म्हटलं.

सगळ्या माना वळल्या. सेन्सेई अर्धवट उठले. कुमागाई माईकमध्येच म्हणाली, "शिशिदो-सान, बसा ना!" मी बसले नाही. काइरो, मोजे, चुंबक, थंड जोडी, ऊन जोडी, सगळं ओळीनं सांगितलं. वही बरोबर होतीच, ती पुढे पाठवून दिली. हातोहात ती परीक्षकांपर्यंत गेली. हायासाकांनी पाच जानेवारीचं पान बराच वेळ वाचलं.

"हे तर या प्रबंधातलं सर्वांत महत्त्वाचं पान आहे," ते म्हणाले. "प्रबंधात का नाही?"

"कारण मी मार्चमध्ये निवृत्त होतेय," मी म्हटलं, "आणि या मुलीला वाटलं की तिच्या पदवीपेक्षा माझी एकतीस वर्षं जपायला हवीत. चूक आहे ते. तिला तुम्ही रागवा, पण नापास करू नका."

कुमागाईनं मान खाली घातली होती. तिचे खांदे हलत होते.

हायासाकांनी वही मिटली. "हे पान जोडा. मग माझी काही हरकत नाही." मग माझ्याकडे बघून, जरा हळू आवाजात, "उगम लिहायलाच हवा. तुमचं नाव नसलं तरी चालेल."

एकतीस वर्षांत त्या सभागृहात माझं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. काचेवरचा एक डाग मी कधी कुणाला दिसू दिला नव्हता.

"नावासकट लिही, कुमागाई," मी म्हटलं. "शिशिदो कानेयो. आणि स्पष्ट अक्षरात."